पाकीट घरी राहिलं नव्हतं

शमू, हे सांगायचं मी आजवर टाळत आलो. विसरलो म्हणून नव्हे. नाताळ जवळ आला की दर वर्षी आठवायचं, आणि दर वर्षी मी स्वतःची समजूत घालायचो की आता त्याचं काय, तोही विसरला असेल. तू विसरला नव्हतास हे मला ठाऊक होतं. तरी समजूत घालायचो.

गेल्या रविवारी तुझ्या शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. आपल्या टपाल-तिकीट मंडळातले जे कोणी उरलेत ते सगळे आले होते, काठ्या टेकत, एकमेकांना धरून. मंडळाचा आत्ताचा अध्यक्ष बोलायला उभा राहिला. आपण मंडळ काढलं तेव्हा हा पोरगा जन्मलाही नव्हता. तुझ्या चित्रांबद्दल बोलला, चर्चमधल्या तुझ्या आवाजाबद्दल बोलला, आणि मग म्हणाला, "शमुवेल मास्तरांची ती गोष्ट तर आपल्यात सगळ्यांनाच माहीत आहे." लोक हलकेच हसले, शोकसभेत हसतात तसे. माहीत असूनही त्याने ती सांगितली. पहिल्या प्रदर्शनात शमू मास्तरांनी नाताळच्या विभागात रोजच्या वापरातली साधी तिकिटं लावली. परीक्षकांनी विचारलं, यात नाताळ कुठे आहे? तर मास्तर म्हणाले, चूक झाली साहेब, पाकीट घरी राहिलं. तेव्हापासून मंडळात कुणी चष्मा विसरला, छत्री विसरला, की आम्ही म्हणतो, शमू मास्तरांचं पाकीट घरी राहिलं.

तुझी रूथ पहिल्या रांगेत होती. तीही डोळे पुसत हसली. तिच्या शेजारच्या खुर्चीवर मी होतो. मीही हसलो, शमू. तुझ्या हार घातलेल्या फोटोसमोर.

बाहेर पडताना रूथ म्हणाली, "काका, आम्ही पपांवर एक छोटी पुस्तिका काढतोय. तुम्ही लिहाच. तुमच्याइतकं पपांना कोण ओळखतं?" मी होकार दिला. तुझा जन्म, शिक्षण, नोकरी हे सगळं ती लिहील. मला एकच लिहायचं आहे. पाकीट घरी राहिलं नव्हतं.

आपली ओळख कचऱ्याच्या टोपलीवर झाली. माळीवाड्यात सायकलच्या दुकानावर माझा टायपिंगचा क्लास होता, आणि तू नुकताच मिशनच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून लागला होतास. एक दिवस जिना चढून आलास आणि अर्ज टाइप करून घेण्याऐवजी विचारलंस, "तुमच्या टोपलीतली पाकिटं मी घेऊ का?" मी म्हणालो, ती मीच घेतो. तू खाली वाकून एक उचललंस, निरखलंस आणि म्हणालास, "मग वाटून घेऊ." त्या दिवसापासून आपण वाटूनच घेत आलो. भांडलोही तेवढेच.

माझ्या दृष्टीने तू भयंकर संग्राहक होतास. तिकिटामागे हिंज लावायची, डिंकाची ती पातळ कागदी पट्टी, एवढं साधं मी तुला शिकवू शकलो नाही. तू भाताच्या शिताने तिकीट डकवायचास. चिमटा वापरायचा नाहीस, बोटं रंगाने माखलेली. माझे अल्बम नेऊन महिनोन् महिने परत करायचा नाहीस. एकदा माझ्या वहीवर चहाच्या कपाचा गोल डाग पाडून आणलास आणि वर म्हणालास, "पोस्टाचा शिक्का आहे, राहू दे."

माझं सगळं शिस्तीत. नाताळची तिकिटं मी जमवायला लागलो ती मिशनमध्ये परदेशी टपाल यायचं म्हणून. पुढे पुण्याहून पुड्या मागवायला लागलो. शर्टाच्या चार खोक्यांत ती लावली होती. पहिल्यात आई आणि बाळ. दुसऱ्यात तारा, मेंढपाळ, उंटावरचे ज्ञानी. तिसऱ्यात झाड, घंटा, बर्फ. चौथ्यात लाल डगल्यातला म्हातारा. आधी बघायचं की तिकीट खास त्या सणासाठी काढलंय का. तसं नसेल तर चित्र कितीही नाताळचं असो, ते बाहेर. मग चित्रात सगळ्यांत मोठं काय आहे त्यावरून खोकं ठरवायचं. टीबीच्या मदतीसाठी नाताळात विकतात ती डिंकाची चिठ्ठी दिसायला अगदी तिकिटासारखी, पण पोस्टात तिला किंमत नाही. तिच्यासाठी वेगळं पाकीट करून त्यावर मी 'तिकीट नव्हे' असं टाइप करून लावलं होतं.

तू ती खोकी उघडून बसायचास आणि मला छळायचास.

"हे मरियेचं का बाहेर?"

"मार्चमध्ये निघालंय. चित्रकाराच्या स्मरणार्थ. सणाचं नाही."

"मार्चमध्ये ती मरिया नसते होय?"

"असते रे. पण ते नाताळचं तिकीट होत नाही."

"आणि ह्यात तारा केवढा मोठा आहे बघ. बाळ कोपऱ्यात. म्हणजे बाळ दुसऱ्या खोक्यात गेलं? आईपासून तोडलंस की त्याला."

मग तुझं नेहमीचं यायचं. तू म्हणायचास, "वसंता, सणाचं तिकीट म्हणजे सणासाठी चिकटवलेलं तिकीट. त्यावर चित्र कशाचंही असू दे, बैलाचं असू दे." मी म्हणायचो, असं केलं तर प्रत्येक तिकीट सणाचं ठरेल. तू म्हणायचास, "ठरू दे की. तुझं काय जातं?"

मला ते तुझं चावट बोलणं वाटायचं. एकदा तू मला घरी नेलंस आणि आईकडून वडिलांची ती पाकिटं मागून घेतलीस, तेव्हा कळलं की तू हे कुठून बोलतोस.

तुझे वडील राजूरच्या बाजूला डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर मास्तर होते, आणि उपासनाही तेच चालवायचे. नाताळला घरी येणं त्यांना कधी जमलं नाही. त्या दिवशी त्यांची तिकडेच गरज असायची. तुम्ही पोरं आईबरोबर नगरला. म्हणून ते दर वर्षी नाताळच्या आठवड्यात राजूरच्या पोस्टातून एक पाकीट टाकायचे. आतलं भेटकार्ड कात्रीने कापून तुम्ही कागदी ताऱ्याला चिकटवायचा, त्यामुळे कार्ड एकही उरलं नाही. पाकिटं मात्र आईने ठेवली होती, लुगड्यांच्या घडीत. सगळ्यांत जुन्यावर राजाचं डोकं, मग देवळांची तिकिटं, मग नकाशाची. प्रत्येक पाकिटावर राजूरचा गोल शिक्का, त्यात डिसेंबरची तारीख, अर्धा तिकिटावर आणि अर्धा कागदावर. खाली निळ्या शाईत वडिलांचं टपोरं अक्षर. 'चि. शमुवेल यास.' तुला भावंडं होती, पण तू थोरला, म्हणून पत्ता तुझ्या नावाने.

तू म्हणालास, "आपल्याकडे नाताळचं तिकीट निघत नाही ना? हे बघ. हे काय आहे मग?"

मी म्हणालो, "साधी वापरातली तिकिटं."

तू रागावला नाहीस. फक्त ती पाकिटं पुन्हा एकावर एक नीट लावलीस. तुझ्या हातून इतकं नीट काही लावलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

बहात्तरचं दुष्काळी साल आलं. त्या वर्षी आपल्या जिल्ह्याची काय दशा होती ते मी लिहायला नको. नळ येईल तेव्हा येई. तुझ्या शाळेत पोरांना सुकडी वाटायचं काम तुझ्याकडे होतं. माझ्या क्लासमधली खेड्यावरची निम्मी पोरं खडी फोडायला गेली होती. अशात आपण प्रदर्शन भरवायचं ठरवलं. लोक हसले. पण तूच म्हणाला होतास की माणसांना टँकरशिवाय बघायला काहीतरी हवं. विभाग ठरले, त्यात एक नाताळचा. हॉल तुझ्या शाळेने दिला. मी मंडळाचा सेक्रेटरी, म्हणून नियम माझ्याकडे.

तिकिटं भिजवायलासुद्धा पाणी जपून वापरायचो आपण त्या दिवसांत. परातीत चार बोटं पाणी, त्यात कागदासकट तिकिटं उपडी सोडायची, डिंक सुटला की टीपकागदावर वाळत घालायची. तेच पाणी मग फरशी पुसायला.

प्रदर्शनाआधीच्या एका रविवारी टाइपरायटर झाकून मंडळ माझ्या क्लासमध्ये बसलं होतं. मी माझी नाताळची तिकिटं कोऱ्या कागदांवर लावून सगळ्यांना दाखवत होतो. आखातातल्या इवल्याशा राज्यांचे मोठमोठे रंगीत संच होते त्यात, जुन्या चित्रकारांच्या मरिया, सोनेरी कडा. मला त्यांचा फार अभिमान होता. तू एक उचललंस, उलटं केलंस, उजेडात धरलंस आणि जिभेचं टोक लावलंस.

"वसंता, ह्याच्यामागं डिंक जसाच्या तसा हाय."

खेडवळ बोलायला लागलास की तू कुणाची तरी फिरकी घेणार हे सगळ्यांना माहीत होतं. सगळे वळले.

"पुढं शिक्का, मागं डिंक. म्हंजी हे कंच्या पत्राला लागलंच न्हाई. छापखान्यातच शिक्का मारून इकलं. गावाला न जाता एष्टीचं तिकीट पंच केलंय की रं सेक्रेटरीनं."

केवढे हसले सगळे. आणि तू म्हणालास ते खरं होतं. असली तिकिटं संग्राहकांना विकण्यासाठीच छापायचे, शिक्क्यासकट. ती कधी कुठल्या पत्रावर चढायची नाहीत. मला ते माहीत होतं. कुणी माझ्या तोंडावर म्हणेल असं वाटलं नव्हतं.

मीही हसलो. मग तू म्हणालास, "मी पण लावणार आहे नाताळच्या विभागात. बाबांची पाकिटं." आणि मी, अजून कान तापलेले असताना, म्हणालो, "अख्खी पाकिटं चालणार नाहीत."

"का?"

"नियम आहे. विभागात फक्त सुटी तिकिटं. पाण्यातून काढून, साफ करून. पुस्तकात लिहिलंय."

ते जाडजूड इंग्रजी पुस्तक आपल्यात एकट्या माझ्याकडे होतं. पुण्याच्या एका जुन्या संग्राहकाने वाचायला दिलेलं. तिकिटांची वर्गवारी कशी करावी ते त्यात होतं, सणांच्या तिकिटांवर एक स्वतंत्र प्रकरण होतं. तुला माझ्यापेक्षा चांगलं इंग्रजी यायचं. तू मागितलं असतंस तर मला द्यावं लागलं असतं.

तू विचारलंस, "नक्की?"

मी म्हणालो, "बघायचंय का? पान काढू?"

तू म्हणालास, "नको रे. तू सांगतोस म्हणजे असणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी, क्लासची पोरं यायच्या आधी, मी ते प्रकरण काढून वाचलं. माझ्या नियमाला कुठेतरी आधार सापडेल अशी आशा होती. तिथे उलटं लिहिलेलं होतं. सणाच्या टपालाचे दोन प्रकार. एक, सणासाठी काढलेली तिकिटं. दुसरा, सणाच्या दिवसांत प्रवास केलेलं टपाल. या दुसऱ्या प्रकारात पाकीट अख्खं ठेवावं, तिकीट कधीही सुटं करू नये, कारण शिक्क्यावरची तारीख आणि पत्ता हाच त्याच्या सणाचा पुरावा. म्हणजे तुझी व्याख्या. बैलाच्या तिकिटासकट. तू म्हणत आला होतास ते एका परक्या माणसाने छापून ठेवलं होतं, आणि ते माझ्या टेबलावर पडलं होतं.

मी ठरवलं, येत्या रविवारी सांगू. मग वाटलं, रविवारी सगळे असतील. सेक्रेटरीने नियम थापेतून काढला असं सगळ्यांसमोर कसं म्हणायचं? तुला एकट्याला गाठून सांगू. असं करत मधले दिवस गेले. पोरांना टायपिंग शिकवलं, हॉलसाठी टेबलं ठरवली, प्रदर्शनाच्या पाट्या टाइप केल्या. मग एका संध्याकाळी सायकल काढली आणि तारकपूरला तुझ्या घरी आलो. सांगायलाच आलो होतो, शमू. एवढं तरी मान.

दार उघडं होतं. तू ओसरीवर मांडी घालून बसला होतास, पुढ्यात पितळी परात. आई भिंतीला टेकून बसल्या होत्या. परातीतलं पाणी निळं झालं होतं.

आधी मला कळलंच नाही ते निळं कशाने. मग पाण्यात तळाला गेलेला कागद दिसला. अक्षर सुटत होतं. 'यास' चा काना अजून दिसत होता.

आई म्हणाल्या, "त्येंचं अक्षर चाललं की रं शमू पान्यात."

तू म्हणालास, "आई, तिकीट राहतंय ना. पाकिटं चालत नाहीत तिथं. नियम आहे त्यांचा."

"आसला कसला मेला नियम?"

"ह्याला विचार. सेक्रेटरी आलाय बघ." आणि माझ्याकडे बघून हसलास. "ये रे. चिमट्याने काढतोय, बघ. तुझ्या शिस्तीत."

परातीच्या बाजूला काही पाकिटं अजून कोरडी होती. वरच्यावर नकाशाचं तिकीट होतं आणि राजूरचा शिक्का इतका स्वच्छ होता की मी उभ्या-उभ्या वाचला. तेव्हा तोंड उघडलं असतं तर तेवढी तरी वाचली असती. मला फक्त म्हणायचं होतं, थांब. नियम खोटा आहे, हेसुद्धा म्हणायची गरज नव्हती. थांब, पुन्हा एकदा पुस्तक बघतो, एवढ्याने भागलं असतं. माझी लाजही राहिली असती.

मी चहा प्यायलो. आईंनी गुळाचा केला होता, साखर नव्हती. कात्री लागून तिकिटाची कड जाऊ नये म्हणून तू एकेक पाकीट अख्खंच पाण्यात सोडत होतास आणि मी ओसरीच्या काठावर बसून बघत होतो. सगळं झाल्यावर तू परात उचललीस आणि ते पाणी अंगणातल्या शेवग्याच्या बुंध्याशी ओतलंस. त्या वर्षी पाणी फेकायची सोय नव्हती. आई शेवग्याकडे बघत राहिल्या. मग तू ओल्या कागदांचा गोळा केलास आणि विचारलंस, "पाट्या झाल्या का टाइप करून?"

मी म्हणालो, झाल्या.

प्रदर्शनाच्या दिवशी तुझी तिकिटं काळ्या कागदावर लावलेली होती. शीत नव्हतं, हिंज लावल्या होत्या. राजाचं डोकं, देवळं, नकाशे. प्रत्येकाच्या कोपऱ्यावर शिक्क्याचा एक कमानीसारखा तुकडा. कुठे 'RA', कुठे 'UR', कुठे नुसता तारखेचा आकडा. वर तुझ्या सुंदर अक्षरात शीर्षक, 'आमच्या घरचा नाताळ'. पुण्याहून आलेले परीक्षक तिथे थांबले, चष्मा वर-खाली केला आणि म्हणाले, "ही तर रोजची तिकिटं. ह्यात नाताळ कुठाय?"

मी त्यांच्या मागेच उभा होतो, वही घेऊन. तू आधी माझ्याकडे पाहिलंस. वाट पाहिलीस असं मला आजही वाटतं. मग त्यांना म्हणालास, "चूक झाली साहेब, पाकीट घरी राहिलं."

सगळे हसले. परीक्षकही. तुझा स्वभावच तसा, प्रसंग हसण्यावर न्यायचा. माझ्या खोक्यांतल्या तिकिटांना पहिलं बक्षीस मिळालं. ती लाकडी ढाल अजून माझ्या कपाटावर आहे. रूथ, ती तू घेऊन जा. नको असेल तर चुलीत घाल.

ती पाकिटं घरी राहिली नव्हती, मंडळातल्या लोकहो. ती तेव्हा कुठेच राहिली नव्हती. नाताळचं टपाल काय असतं हे आपल्या सगळ्यांत एकट्या शमूला कळलं होतं. त्याने चुकीच्या विभागात काही लावलं नव्हतं. मी त्याला ती धुवायला लावली आणि मग धुतलेली म्हणून ती नाताळची ठरली नाहीत. इतकी वर्षं तुम्ही जी गोष्ट सांगता ती माझ्या थापेची गोष्ट आहे. यापुढे सांगाल तर अशी सांगा.

प्रदर्शन आवरताना तू तो काळा कागद माझ्या हातात दिलास. "तूच ठेव. माझ्याकडं शिताला लागून जातील." मी नको म्हणालो. तू ऐकलं नाहीस. त्यानंतर तू तिकिटं जमवणं सोडलंस. कुणी विचारलं तर म्हणायचास, चित्रातून वेळ मिळत नाही. रविवारी यायचास मात्र, माझी खोकी उघडायचास, माझ्याशी भांडायचास. आपलं एकही भांडण मिटलं नाही. दिवाळीच्या शुभेच्छापत्रावरचं गांधीजींचं तिकीट दिवाळीचं की गांधीजींचं, यावर मागच्या वर्षीपर्यंत आपण फोनवर बोलत होतो. टीबीच्या चिठ्ठीसाठी तू माझ्याकडे रदबदली करायचास, "अरे, तिचाही सणच आहे ना, घे तिला आत." शेवटी मी घेतली. तुला सांगितलं नाही. चौथ्या खोक्यात आहे.

आणि मग ती पाकिटं यायला लागली. प्रदर्शनानंतरच्या नाताळापासून. तुझं घर माझ्यापासून सायकलवर दहा मिनिटांवर, तरी तू दर वर्षी पोस्टात पाकीट टाकायचास. आत तू रंगवलेलं कार्ड. वर साधंच तिकीट, जे त्या वर्षी चालू असेल ते. आणि डाव्या कोपऱ्यात तुझ्या ड्रॉइंग मास्तरच्या वळणाचे दोन शब्द, 'भिजवू नये'.

पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मी क्लासमध्ये होतो. पोरांच्या टकटकीत खुर्चीवर बसून राहिलो. तू कळून लिहिलं होतंस की नुसती माझी थट्टा होती? ते पुस्तक तू नंतर कुणाकडून मिळवून वाचलंस का? इतक्या वर्षांत मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. पण एक सांगतो, त्यातलं एकही मी भिजवलं नाही. सगळी अख्खी आहेत, शिक्क्यांसकट, वर्षाप्रमाणे लावलेली. त्यांच्यासाठी पाचवं खोकं केलं. त्यावर मी काही टाइप केलेलं नाही.

क्लास बंद झाल्यानंतरची गोष्ट. आपण दोघे राजूरला गेलो होतो, आठवतं? बाजाराचा दिवस होता. डोंगरातली माणसं तांदूळ, मध, हिरडे घेऊन बसली होती. तू पोस्ट शोधून काढलंस. जुनी जागा नव्हती, पण शिक्का राजूरचाच. खिडकीतल्या पोराला तू कोऱ्या कागदावर एक शिक्का मारून मागितलास. तो म्हणाला, "आजोबा, बिनतिकिटाचं न्हाई मारत." तू पाकीट घेतलंस, तिकीट लावलंस, आणि खाली लिहिलंस, 'चि. शमुवेल यास.' मी म्हणालो, स्वतःलाच? तू म्हणालास, "मग कोण पाठवणार आता?"

परतीच्या एसटीत मी सांगायचं ठरवलं होतं. घाट उतरेपर्यंत शब्द जुळवले. जुळले तेव्हा तू माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला होतास, मांडीवर तांदळाची पिशवी. मला बरं वाटलं, शमू. झोपलास म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं. हीच माझी गत आयुष्यभर.

शेवटचं तुला हॉस्पिटलमध्ये भेटलो. रूथ औषधं आणायला खाली गेली होती. तुझा हात नुसता काडीसारखा, पण नखांत निळा रंग होताच कुठला तरी. मी खुर्ची जवळ ओढली आणि म्हणालो, "शमू, तो बहात्तरचा नियम."

तू डोळे उघडलेस. "कुठला? तुझे लई नियम होते."

"पाकिटांचा."

तू माझ्याकडे बघत राहिलास. प्रदर्शनात पाहिलं होतंस तसंच. घाई नव्हती तुला. मग मीच चादर सारखी केली, आणि म्हणालो, "काही नाही. झोप तू." तू म्हणालास, "बरं." आणि थोड्या वेळाने, डोळे मिटूनच, "यंदाचं कार्ड राहिलं बघ तुझं."

यंदा पाकीट येणार नाही. पोस्टमन दारावरून जाईल आणि मी तरी बघेन.

त्या दिवशी खुर्चीवर बसून 'झोप तू' च्या जागी जे म्हणायचं होतं, ते तेवढंच होतं, लांबलचक नव्हतं. पुस्तकात तसं लिहिलेलं नव्हतं, शमू. मला माहीत होतं. पाणी निळं झालेलं मी पाहिलं, कोरडी पाकिटं उरलेली पाहिली, आणि चहा पीत गप्प बसलो. तुझ्या बाबांचं अक्षर माझ्यामुळे गेलं. मला माफ कर.